प्रश्नांची कोठी कशी सांभाळावी?

मागच्या आठवड्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथं एका ताईंनी मला विचारलं, "बाई, तुम्ही तालुक्याला बसून नेमकं काय काम करता?" मी म्हटलं, "मी प्रश्न सांभाळते." सगळ्या हसल्या. प्रश्न काय गुरंढोरं आहेत का, सांभाळायला! पण खरंच, माझं काम तेच आहे, आणि ते बिघडलं तर एखाद्या बाईचं हातातोंडाशी आलेलं काम जातं. म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं आहे.

आता आपली बरीचशी प्रशिक्षणं मोबाईलवर आली आहेत. गटाची लेखनिक व्हायचं असो, बँक सखी व्हायचं असो, कुक्कुटपालन शिकायचं असो, धडे फोनवर येतात. धडा संपला की दहा-पंधरा प्रश्न येतात, चार पर्यायांतून एक निवडायचा. इतके गुण मिळाले तर पुढं, नाहीतर पुन्हा. हे प्रश्न येतात कुठून? एका साठ्यातून. त्या साठ्याला प्रश्नपेढी म्हणतात. मी तिला प्रश्नांची कोठी म्हणते, कारण धान्याच्या कोठीचे सगळे नियम तिला लागू पडतात. निवडून भरावं लागतं, वेगवेगळं ठेवावं लागतं, अधूनमधून ऊन दाखवावं लागतं, आणि किडलेलं वेळेवर बाहेर काढावं लागतं.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. हिशोब लेखनाच्या अभ्यासक्रमासाठी मी एक प्रश्न लिहिला होता. एका सभासदानं गटाकडून १०,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज दरमहा २ टक्के, दरमहा १,००० रुपये मुद्दल परत करायची. तर पहिल्या तीन महिन्यांचं एकूण व्याज किती? पर्याय होते २००, ५४०, ६०० आणि ७२०. उत्तर म्हणून मी ६०० वर खूण केली. जुन्या टिपणात सपाट व्याजाची उदाहरणं होती, त्यातलंच उत्तर घाईत उचललं.

पंधरा दिवसांनी एका वाडीवरची ताई गटाची कर्ज खतावणीच घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ती एका गुणानं नापास झाली होती. म्हणाली, "बाई, मला फक्त माझं कुठं चुकलं ते दाखवा." वही उघडून तिनं बोट ठेवलं. पहिल्या महिन्यात १०,००० वर २००. हजार परत आले, म्हणून दुसऱ्या महिन्यात ९,००० वर १८०. तिसऱ्या महिन्यात ८,००० वर १६०. बेरीज ५४०. तिचा गट सहा वर्षं असाच हिशोब करत होता, शिल्लक मुद्दलावर. तिचं कुठंच चुकलं नव्हतं. व्याज मूळ रकमेवर धरायचं की शिल्लक रकमेवर, हे मी प्रश्नात लिहिलंच नव्हतं, आणि वर उत्तरही चुकीचं नोंदवून ठेवलं होतं.

मी त्याच दिवशी उत्तर सुधारलं, सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासून घेतले. तिच्यासारख्या आणखी काही जणी पास झाल्या. पण तिच्या भागातल्या तीन गटांचं लेखनिकाचं काम तोवर दुसरीला मिळालं होतं. पुढची निवड होईपर्यंत तिला आठ महिने थांबावं लागलं. त्या आठ महिन्यांचं मानधन मी तिला कुठून देणार? तेव्हापासून मी कोठीचे नियम पाळते. तेच आता एकेक करून सांगते.

पहिला नियम, कप्पे करा. आमच्या अभ्यासक्रमाचे प्रश्न मूडल नावाच्या प्रणालीवर आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामस यांनी ती तयार केली आणि २००२ साली तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. ती वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून जगभर शाळा-कॉलेजं आणि संस्था ती वापरतात. तिच्यात प्रश्नपेढीला कप्पे करता येतात, कप्प्यात आणखी कप्पे. आमचे मोठे कप्पे असे आहेत: बैठक आणि नियम, बचत, अंतर्गत कर्ज आणि व्याज, बँकेचे व्यवहार, हिशोबाच्या वह्या, विमा आणि योजना. प्रत्येकात तीन छोटे कप्पे, सोपे, मध्यम आणि कठीण.

हे कशासाठी? परीक्षेच्या वेळी संगणक प्रत्येकीसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे प्रश्न उचलतो. सगळे प्रश्न एकाच ढिगात असले तर एकीच्या वाट्याला व्याजाचे सहा कठीण प्रश्न येतील आणि दुसरीच्या वाट्याला बैठकीचे सोपे. दोघींचे गुण मग एका तराजूत कसे तोलणार? म्हणून संगणकाला सांगून ठेवायचं, व्याजाच्या मध्यम कप्प्यातून दोन घे, वह्यांच्या सोप्या कप्प्यातून तीन घे. प्रश्न वेगळे आले तरी वजन सारखं राहतं. आणि हो, प्रश्न चुकीच्या कप्प्यात पडला तर हे सगळं गणित फसतं. डाळीच्या डब्यात साबण ठेवून चालत नाही.

दुसरा नियम, साठा भरपूर हवा. समजा परीक्षेत १० प्रश्न आहेत आणि कोठीत १२. तर कोणत्याही दोघींच्या पेपरात सरासरी आठ प्रश्न सारखेच निघतील. पहिलीनं फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला की परीक्षा संपली. पण कोठीत ४० प्रश्न असतील तर दोघींचे सरासरी दोन-तीनच सारखे येतात. पर्यायांचा क्रमही प्रत्येकीला वेगळा दाखवता येतो, म्हणजे "तिसऱ्याचं उत्तर दोन नंबर" असं शेजारणीला सांगून उपयोग नाही. मी तर म्हणते, कोठीत दीडशे चांगले प्रश्न असतील आणि एखादीनं ते सगळेच पाठ केले, तर करू द्या. तिचा अभ्यासक्रमच पाठ झाला की!

क्रम बदलण्यावरून एक गंमत आठवली. आपल्याला शाळेपासून सवय आहे, शेवटचा पर्याय "वरीलपैकी सर्व". संगणकानं क्रम बदलला आणि हा पर्याय पहिल्या नंबरवर गेला. त्याच्या वर काहीच नाही! बायका बुचकळ्यात पडल्या. तेव्हापासून आम्ही "वरीलपैकी सर्व" आणि "वरीलपैकी एकही नाही" हे दोन्ही बंद केले. तसेही ते आळशी पर्याय आहेत. चौथा पर्याय सुचला नाही की आपण ते लिहितो.

तिसरा नियम, चुकीचे पर्याय खऱ्या चुकांमधून घ्या. वर ५४० आणि ६०० चं सांगितलं. प्रश्नात "शिल्लक मुद्दलावर व्याज" असं स्पष्ट लिहिलं, तर ५४० हे बरोबर उत्तर, आणि ६०० हा उत्तम चुकीचा पर्याय, कारण मुद्दल कमी करायला विसरणारी बाई तिथंच जाऊन पोचते. २०० सुद्धा चांगला, कारण एकाच महिन्याचं व्याज धरणारी बाई तो निवडते. पण मी ५ लाख असा पर्याय दिला तर कुणीच तो निवडणार नाही. मग चार पर्याय नावाला, खरे तीनच. अशा खऱ्या चुका कुठं सापडतात? आपल्या वह्यांत. रोखवहीत खाडाखोड झालेली असते ना, तिथं एक प्रश्न दडलेला असतो.

प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली दोन ओळींचा खुलासा लिहायचीही सोय असते. "तुम्ही मुद्दल कमी केली नाही, दुसऱ्या महिन्यात ९,००० धरा" एवढं लिहिलं तरी नापास झालेली बाई काहीतरी शिकून उठते. नुसतं लाल फुलीचं चिन्ह पाहून ती फक्त खट्टू होते.

चौथा नियम भाषेचा. प्रश्न वाचून त्या गावची बाई अडखळता कामा नये. "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?" असं विचारलं तर आपण हिशोब तपासत नाही, कोडं घालतो. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. "नाही" शब्द वापरावाच लागला तर तो ठळक करा.

आणि रिकामी जागा भरायच्या प्रश्नांत आणखी काळजी. संगणक अर्थ ओळखत नाही, अक्षरं जुळवतो. तुम्ही उत्तर "हिशोब" नोंदवलं आणि तिनं "हिशेब" लिहिलं, तर तो चूक देईल. आपल्याकडे दोन्ही चालतात. आकड्यांचंही तेच. कुणी मराठी आकडे टाकते, कुणाच्या फोनवर इंग्रजी येतात. म्हणून अशा प्रश्नाला मान्य असलेली सगळी रूपं उत्तरात आधीच नोंदवून ठेवा, नाहीतर पर्यायांचा प्रश्न करा.

टाइप करतानाही लक्ष द्या. बऱ्याच कार्यालयांत अजून छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये मराठी टाइप होतं. तो मजकूर प्रश्नपेढीत चिकटवला की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा. फोनवरून मराठीत लिहिता ते युनिकोडच असतं, म्हणून आमच्या कितीतरी ताई प्रश्न सरळ फोनवर लिहून पाठवतात. एकदम पन्नास-साठ प्रश्न भरायचे असतील तर साध्या मजकुराच्या फाईलमधूनही भरता येतात. एकेन नावाची एक सोपी पद्धत आहे. वर प्रश्न, खाली एकेका ओळीत पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. फक्त पर्यायांची अक्षरं आणि "उत्तर" हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लागतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

पाचवा नियम, ऊन दाखवा. प्रश्नही शिळे होतात, आणि शिळा प्रश्न चुकीच्या प्रश्नापेक्षा घातक, कारण तो एके काळी बरोबर होता म्हणून कुणी संशय घेत नाही. तीन उदाहरणं देते. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या ठेवीला किती रकमेपर्यंत विमा संरक्षण? पूर्वी उत्तर होतं १ लाख रुपये. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झालं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता १२ रुपये होता आणि जीवनज्योतीचा ३३०. १ जून २०२२ पासून ते २० आणि ४३६ झाले. तिसरं आपल्या घरचंच. गटाची सूत्रं किती? जुन्या प्रश्नात पाच, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन. नंतर त्यात आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका यांची भर पडून दशसूत्री झाली. जिनं धडा नीट वाचला ती "दहा" म्हणणार, आणि जुना प्रश्न तिलाच चूक ठरवणार.

म्हणून आम्ही प्रत्येक प्रश्नाला नाव देतो. "व्याज-मध्यम-०७", असं. सोबत टिपण असतं, हे उत्तर कशावरून घेतलं आणि शेवटचं कधी तपासलं. ज्या प्रश्नात सरकारी आकडा, दर किंवा मुदत आहे, त्याला "बदलणारा" अशी खूणचिठ्ठी लावतो. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि दिवाळीनंतर, खूणचिठ्ठी लावलेले सगळे प्रश्न चाळणीतून काढतो. दीडशेपैकी तीस-पस्तीसच असतात, एका दुपारचं काम.

शिळा प्रश्न सापडला की पुसून टाकू नका. जुन्या तुकडीचे निकाल त्याला बांधलेले असतात. उद्या कुणी विचारलं, मला तेव्हा काय विचारलं होतं, तर दाखवायला तो हवा. त्याला "निवृत्त" नावाच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे परीक्षेत उचलला जाणार नाही. २०२२ सालच्या मूडलच्या ४.० आवृत्तीपासून आणखी एक चांगली सोय झाली. प्रश्न बदलला की जुनं रूपही जपून राहतं, कुणी कधी बदललं ते दिसतं, आणि अर्धवट प्रश्नाला "कच्चा" म्हणून बाजूला ठेवता येतं. मात्र उत्तर सुधारलं म्हणून जुने गुण आपोआप सुधारत नाहीत. पेपर पुन्हा तपास, असा हुकूम आपणच द्यावा लागतो. माझ्याकडं त्या ताई वही घेऊन आल्या नसत्या, तर तो हुकूम कधीच दिला गेला नसता.

सहावा नियम, निकाल वाचा. आपण निकालात पास-नापास पाहतो. प्रश्न सांभाळणाऱ्या बाईनं प्रश्नांचा निकाल पाहायचा. ४० जणींपैकी ३९ जणींचं एखादं उत्तर बरोबर आलं, तर तो प्रश्न फार सोपा, किंवा शिकवणं फार चांगलं झालं. पण ४० पैकी चौघींचंच बरोबर आलं तर? चार पर्याय आहेत. डोळे मिटून बोट ठेवलं तरी साधारण दहा जणींचं बरोबर यायला हवं. चारच आल्या, म्हणजे काहीतरी त्यांना ओढून चुकीच्या पर्यायाकडं नेत आहे. अशा वेळी बायकांना दोष देण्याआधी आपलं नोंदवलेलं उत्तर तपासा. मग प्रश्नाची भाषा. मग शिकवणारीनं काय शिकवलं ते विचारा. माझ्या त्या व्याजाच्या प्रश्नाचा निकाल मी वेळेवर पाहिला असता, तर आठ दिवसांत चूक दिसली असती.

आणखी एक खूण आहे. बाकीच्या पेपरात ज्या बायकांना चांगले गुण आहेत, त्यांचंच एखाद्या प्रश्नाचं उत्तर चुकत असेल, आणि कमी गुणांच्या बायकांचं बरोबर येत असेल, तर प्रश्न लंगडा आहे असं समजा. जाणत्या बाईला त्यात दोन अर्थ दिसतात आणि ती जास्त विचार करून फसते. ही दोन्ही मापं संगणक स्वतःच काढून देतो, आपण फक्त ते पान उघडायचं.

सातवा आणि शेवटचा नियम, किल्ली एकीकडं नको आणि सगळ्यांकडंही नको. आमच्याकडं प्रश्न लिहिणारी एक, तपासणारी दुसरी. लिहिणारीनं स्वतःचा प्रश्न स्वतः पास करायचा नाही. तपासणारी आधी उत्तर न बघता तो प्रश्न सोडवते. तिचं आणि लिहिणारीचं उत्तर जुळलं, तरच प्रश्न कोठीत जातो. सरावाचे प्रश्न वेगळ्या कप्प्यात, परीक्षेचे वेगळ्या. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्या कोठीची एक प्रत फाईल करून पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो. वीज जाते, संगणक बिघडतो, माणसं बदलून जातात. दोन वर्षांची मेहनत एका यंत्राच्या भरवशावर सोडू नये.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही कुठं मूडल चालवतो? खरं आहे. पण ही कोठी तुमच्याशिवाय भरत नाही. कार्यालयात बसून लिहिलेले प्रश्न कार्यालयासारखेच होतात. म्हणून एक विनंती करते. पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या वहीतून एक प्रश्न सांगायचा: आपण कुठं अडखळलो, कुठली बेरीज चुकली, बँकेत कुठल्या कागदावरून परत फिरावं लागलं. लेखनिक ताईनं तो लिहून घ्यायचा, बरोबर उत्तर आणि आपण केलेली चूकसुद्धा. दहा जणींचा गट असेल तर एका बैठकीत दहा प्रश्न. ते तालुक्याला पाठवा. नाही पाठवले तरी नवीन सभासदाला शिकवायला गटाच्याच कामी येतील.

आणि तुमच्यापैकी कुणी परीक्षा दिली, उत्तर चूक दाखवलं, पण मन म्हणतंय आपलं बरोबर आहे, तर गप्प बसू नका. प्रश्न लिहून ठेवा, वही घ्या, आणि विचारायला या. यंत्रातलं उत्तरही माझ्यासारख्या एखाद्या बाईनंच नोंदवलेलं असतं, आणि तिचा हात घाईत चुकू शकतो.

त्या वाडीवरच्या ताई आता पाच गटांच्या वह्या लिहितात. शिवाय आमच्याकडं व्याजाच्या कप्प्याच्या तपासनीस त्याच आहेत. माझा प्रश्न त्यांच्याकडं गेला की अजूनही थोडी धाकधूक होते. परवाच त्यांनी एक परत पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाई, मुदत लिहायची राहिली."